धार पाहण्याची रीत

नऊ वर्षांपूर्वी मला उरणजवळच्या मोऱ्याहून एक पोस्टकार्ड आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. आधी शब्द सुचेनात, मग उशीर झाल्याची लाज वाटली. लाज फार सोयीची असते. तिच्याआड माणूस कितीही वर्षं बसू शकतो.

मी शाळांसाठी शब्दार्थांचं एक पुस्तक केलं होतं. त्यात 'धार' या शब्दाला सबंध पान दिलं: शस्त्राची, जिभेची, बुद्धीची. संस्कृत प्रतिशब्द पाच. शेवटी थाटात लिहिलं, 'पात्याच्या कडेवरून लांबीच्या दिशेने बोट ओढून धार पाहतात.' हे कुठल्याशा जुन्या कोशातून उचललेलं. घरची सुरी मी कधी धरली नव्हती.

कार्ड मासळी विकणाऱ्या सुंदराबाईंचं होतं. त्यांच्या शाळकरी मुलीनं, क्रांतीनं, माझं ते वाक्य वाचून कोयत्यावरून तसंच बोट ओढलं आणि अंगठा कापून घेतला. 'पुस्तक लिवनाऱ्यानं कधी कोयता धरलाय का?' असं शेवटी विचारलं होतं.

यंदा दुसरी आवृत्ती निघायची आहे. मी त्या कार्डाचं सांगितल्यावर प्रकाशक अभय वाशीच्या थंडगार ऑफिसातून फोनवर म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. पान एकदम शार्प आहे. अंगठ्याचं कोण बघतंय?" मी नेहमीसारखं "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर त्या 'बरं'ची किळस आली.

करंजाड्याच्या घरून उरण गाठलं, तिथून मोरा. सुंदराबाई धक्क्याजवळ सुरमई कापत होत्या. मी नाव सांगितलं.

"पुस्तकवाले? जिवंत हाय का तुमी? मला वाटला, गेलात."

शेजारची कोळीण हसली. सुंदराबाईंनी कोयता पुसून मुठीकडून माझ्यापुढे धरला. "बघा धार."

मी कडेवर बोट टेकवलं आणि लांबीच्या दिशेनंच ओढू लागलो. त्यांनी मनगट पकडलं.

"आजून तेच? आडवा न्या अंगठा, आडवा. हलक्यानं. खरखरला का समजायचा, धार हाय."

अंगठा आडवा नेला. खरखरला. अडुसष्ट वर्षांचा मी, आणि हे आज कळत होतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तेच सांगायला आलो."

"मला नका सांगू. शालेत बाई बोलल्या, पुस्तक चुकनार नाय, पोरगीच बोथट. पोरीनं तेच धरून ठेवला. आता उलव्याला नर्स हाय, तरी दोन ओळी लिवल्या का मला फोन करून इचारते, बरोबर हाय ना? मला! तोंडाच्या वाऱ्याचा काय करू? कागद पाठवा तिला, टपालानं, सही करून." मग सुरमईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नेता का?"

"मी खात नाही."

"दिसताच हाय."

घरी आल्यावर अभयला कळवलं: ते वाक्य जाईल, नाहीतर पुस्तकावरचं माझं नाव जाईल. मग क्रांतीला लिहायला बसलो. पहिल्या चार मसुद्यांत मी शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळलो होतो, फाडले. पाचवा असा झाला:

'क्रांती, पुस्तक चुकलं होतं. तू बरोबर वाचलं होतंस. लिहिणाऱ्यानं कधी कोयता धरला नव्हता.'

खाली सही केली, पूर्ण नावानं. पाकिटावर सुंदराबाईंकडून घेतलेला उलव्याचा पत्ता दोनदा तपासला आणि ते टपालपेटीत टाकलं.