भावेशशेठचं कुंपण मी उपटलं

मी एक जुना, बुटका पोकलेन आहे, मित्रांनो. रंग उडालाय, काच फुटलीय, खणताना धाप लागते. पण डूख धरायला अंगात बळ अजून भरपूर आहे.

भावेशशेठने मला नवा आणला तेव्हा झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मुरबाडच्या बाजूला मी किती प्लॉट सपाट केले! "लहान आहे, पण वाघ आहे," असं शेठ चारचौघांत सांगायचा. मग त्याने मला आपल्या फार्महाऊसमागच्या ओढ्यात उतरवलं. तिथे वाडीतली पोरं डुंबायची तो लहानसा डोह होता. तो मी खोल केला. कातळ फोडून फोडून बकेटचे दात झिजले. वाटलं, पोरं खूश होतील. कसलं काय! काम होताच डोहाभोवती तारेचं कुंपण. वाडीतल्या हौसामावशीची नात काजल टॉवेल घेऊन आली, तर शेठ तिच्यावर खेकसला, "पाहुण्यांचा डोह आहे हा. चल, पळ!"

अस्सा संताप आला मला! ग्रीस द्यायचं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. माझा हात अडकला, तसं मला झुडपात ढकललं. "भंगार झालंय," म्हणाला. पावसाळे अंगावर घेत मी तिथे गंजलो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत राहिलो.

हौसामावशीचा मुलगा महिपत सापगावला गॅरेजात कामाला आहे. त्याने मला मागून घेतलं, सांधा न् सांधा साफ करून ग्रीस भरलं. उन्हाळ्यात वाडीने ठरवलं, कुंपणाच्या वरच्या अंगाला पोरांसाठी आपलाच डोह खणायचा. मित्रांनो, काय खणलं म्हणता मी! प्रत्येक घावाला शेठचं नाव घेत होतो. निघालेल्या दगडांचा बांध घातला. ओढ्याची उरलीसुरली धार आमच्याच डोहात साठू लागली आणि पोरं धपाधप उड्या मारू लागली. खाली शेठचा डोह आधी हिरवा झाला, मग वास मारू लागला. पाहुणे नाक धरून परत गेले. बरी खोड मोडली!

आमच्याकडे रीत आहे. वरच्याने पाणी अडवलं तरी बांधात खालच्यासाठी वाट ठेवायची. शेठ तीच रीत सांगत आला.

"मावशी, रीत मोडू नका. वाट ठेवा ना."

हौसामावशी बांधावरून उठलीसुद्धा नाही. "रीत मानसांना हाय रे, तारेला नाय. आदी तार काढ, मंग आमी दगड काढू."

शेठने मान खाली घातली. "काढतो."

"तू नको. आमचा पोकलेन काढंल."

महिपतने मला खाली नेलं. एकेक खांब मी उपटला, शेठच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश. घाई कशाला करायची? काजल तारेची भेंडोळी ओढत होती. सगळं निघाल्यावरच बांधातला दगड सरकवला.

मित्रांनो, क्षमा करावी असं तुम्हाला शिकवतात. करा बापडे! मी नाही केली, करणारही नाही. तुम्ही एवढंच करा, जो तुमच्यासाठी राबतो त्याला वेळच्या वेळी ग्रीस द्या. नाहीतर एक दिवस तो दुसऱ्याच्या अंगणात उभा असेल, डिझेल भरून, तुमच्या घराकडे तोंड करून.