सुई एक घर मागे

ओरेस्टने गुरुवारी दुपारी बापाच्या ट्रकची चावी खिशात घातली आणि शुक्रवारी सकाळी सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर सात म्हाताऱ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "आमच्या बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही."

त्या टेबलावर त्याच्या बापाची, वासिलची, स्वतःची खुर्ची होती. बायको गेल्यापासून अकरा वर्षं तो सकाळी दहाला आणि दुपारी तीनला चौदा किलोमीटर ट्रक हाकत तिथे येऊन बसायचा. चावी गेली म्हणजे ती खुर्ची गेली, आणि ती खुर्ची गेली म्हणजे माणूस घरात कुजायला मोकळा. हे ओरेस्टला माहीत नव्हतं असं नाही.

ओरेस्टच्या बहिणीला, लेसियाला, ही बातमी भावाने दिली नाही. दिली ती प्रोकोपचुकबाईंनी, ज्यांच्या अंगावर तो ट्रक आला होता.

"मला काही झालं नाही गं," त्या फोनवर म्हणाल्या. "बर्फावरच्या त्या कर्लिंग खेळाच्या मैदानाबाहेर उतारावर उभा केलेला, तो आपला मागे मागे येत कठड्यावर आदळला. मी मारली उडी. पण कोबीच्या गुंडाळ्यांनी भरलेलं पातेलं चिखलात गेलं बघ. मयताच्या जेवणाचं होतं. आणि तुझा भाऊ वासिलचं डोकं गेलं असं दुकानात सांगून लायसन्स रद्द करायचा अर्ज घेऊन फिरतोय."

लेसिया सव्वीस वर्षं शहरात बसगाड्या दुरुस्त करत होती. शनिवारी सकाळी निघाली आणि तीन तासांचा रस्ता दातओठ खात कापला. मार्चचा बर्फ वितळून वासिलच्या अंगणात घोट्याएवढा राडा झाला होता. शेडमध्ये तो जुना ट्रक उभा होता, आणि त्याच्या बॉनेटवर कागद ठेवून ब्याऐंशी वर्षांचा वासिल सही करायला वाकला होता.

"पेन खाली ठेवा, बाबा."

"आलीस? चहा घे," वासिल म्हणाला.

"चहा गेला खड्ड्यात. सही का करताय?"

"ताई, तू मध्ये पडू नकोस," ओरेस्ट म्हणाला. "तू असतेस तीनशे किलोमीटर लांब. इथे रोज बघतो कोण? आज कठडा मोडला, उद्या माणूस मरेल."

"मी तुला विचारलं का? बाबा, का करताय?"

वासिलने पेन खाली ठेवलं नाही. "मी पी बघितला होता, पोरी. पार्कचा पी. त्यावर गाडी जागची हलत नाही. या डोळ्यांनी बघून मगच उतरलो. तरी गाडी गेली. मग जे नाही ते मला दिसायला लागलंय, नाही का? तुझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. सही केलेली बरी."

लेसियाच्या मस्तकात तिडीक गेली. म्हातारा दोन दिवस स्वतःला वेडा समजत बसला होता, आणि गाडीला कुणी विचारलंच नव्हतं.

"पार्किंग ब्रेक का नाही लावला?"

"या गावात कोण लावतं? थंडीत तार गोठते, चाकं सुटत नाहीत. तू लावलास का बाहेर तुझ्या गाडीचा?"

लेसियाने लावला नव्हता. तिने विषय तिथेच सोडला, चाकांच्या पुढेमागे लाकडाचे ठोकळे सारले आणि ओरेस्टकडून चावी घेऊन ट्रकमध्ये चढली.

गिअर आपोआप बदलणाऱ्या या ट्रकचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीवर. समोर काचेच्या खिडकीत अक्षरं ओळीने: पार्कचा पी, रिव्हर्सचा आर, न्यूट्रलचा एन, ड्राइव्हचा डी, त्यापुढे खालचे गिअर. त्यांच्यावरून केशरी सुई सरकते. लेसियाने ब्रेक दाबून इंजिन सुरू केलं आणि सुई पी वर येईल तसा दांडा लावला. मग पाय हळूच उचलला. ट्रकने मागच्या ठोकळ्याला ढुशी दिली आणि शेपटीचे पांढरे दिवे लागले.

"ओरेस्ट! मागे उभा राहून सांग, पांढरे दिवे कशाचे?"

ओरेस्ट मागे जाऊन वाकला.

"रिव्हर्सचे!" वासिल ओरडला. पेन केव्हाच खाली पडलं होतं.

"सुई पी वर आहे आणि गाडी रिव्हर्समध्ये. एक घर मागे. बाबा, दांडा हाताला नाही का कळला?"

"माझ्या हातांना काय कळतंय?" त्याने बोटं वर केली. दोन हिवाळ्यांपासून ती लाकडासारखी बधिर होती. "मी डोळ्यांनीच चालवतो. आणि गुरुवारी सकाळपासून इंजिन केकाटत होतं. डी वर लावलं की केकाटायचं. याला फोन केला मी. हा म्हणाला, कान तपासून घ्या."

केकाटणारच. सुई डी वर असताना गाडी डीच्या पुढच्या घरात, खालच्या गिअरमध्ये पळत होती.

लेसियाने इंजिन बंद केलं, स्टिअरिंगखालचं झाकण दोन स्क्रू काढून उतरवलं आणि टॉर्च लावला. सुईची बारीक तार खाली येऊन दांडीच्या कड्याला एका चिमट्याने धरलेली असते, आणि चिमट्याला स्क्रू असतो. इथे स्क्रू नव्हता. प्लॅस्टिकच्या पट्टीने तार बांधलेली होती, आणि पट्टी रोज केसभर सरकत सरकत तिथवर आली होती.

"हे कुणाचं काम?"

ओरेस्टने टोपी डोळ्यांवर ओढली.

"दोन आठवड्यांपूर्वी हेच झाकण उघडून चावीचं कुलूप यानेच बदललं," वासिल हळू म्हणाला.

"स्क्रू पडला कुठेतरी, सापडला नाही," ओरेस्ट म्हणाला. "पट्टी लावली. तेव्हा सुई थोडीशीच हलली होती. म्हटलं, पेरणीआधी नीट करू."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगणारच होतो..."

"सांगणार होतास! गाडी घसरली तेव्हा तरी आठवलं का?"

ओरेस्टने बुटाने माती उकरली. "आठवलं."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

म्हणजे शुक्रवारी त्या टेबलावर बसून बापाचं डोकं गेलं असं सांगताना त्याला सगळं माहीत होतं. म्हातारं माणूस चुकलं की वय झालं म्हणतात. तरणं चुकलं की घाईत होता म्हणतात. लेसियाच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो तिने फेकला नाही, एवढंच तिचं पुण्य.

तिने दांडा न्यूट्रलमध्ये आणला, हाताने चाचपून, सुईकडे न बघता. पट्टी कापली. चिमटा कड्यावर सरकवत सुई एनच्या बरोबर मध्यावर आणली आणि आपल्या डब्यातला स्क्रू घट्ट आवळला. मग इंजिन लावून एकेक घर तपासलं. रिव्हर्सला पांढरे दिवे, पार्कला गाडी जागच्या जागी. तीनदा केलं. सगळं काम वीस मिनिटांचं.

"झालं. अर्ज फाड," चावी ओरेस्टला परत देत ती म्हणाली.

"फाडू नकोस," वासिल म्हणाला. "कागद फाडून टेबलावरचं बोलणं पुसलं जात नाही."

दोघंही वळली.

"दोन रात्री मी अंथरुणात माझ्या भावंडांची नावं पाठ म्हणतोय. विसरलो की काय बघायला. आठवी बहीण आठवेना, तर उठून फोटो काढून बघितला. आणि तुला माहीत होतं." त्याने हात पुढे केला. "चावी दे. किती वाजले?"

"अडीच."

"तीनची कॉफी असते. बस गाडीत."

"बाबा, सोमवारी सांगतो ना सगळ्यांना. आज शेतीचं सामान..."

"बस म्हटलं ना!"

ओरेस्ट बसला, लांब सीटवर मध्ये, बाप आणि बहिणीच्या कचाट्यात. वासिलने गाडी काढली. दुकानासमोर त्याने पी बघितला, मग आयुष्यात पहिल्यांदा डाव्या पायाने पार्किंग ब्रेक दाबला. तो गंजलेल्या दारासारखा करकरला.

टेबलावर सातही जण होते. वासिल आपल्या खुर्चीत बसला नाही, तिच्या पाठीला धरून उभा राहिला.

"हा काल इथे काहीतरी बोलला," तो म्हणाला. "आज आणखी बोलणार आहे."

ओरेस्टने टोपी काढली. "गाडीचं काम मी केलं होतं. सुई चुकीची लागली होती. बाबांना सांगितलं नाही."

"काय म्हणतोय हा?" कोपऱ्यातला बहिरा म्हातारा ओरडला.

"परत," वासिल म्हणाला. "मोठ्याने. आणि गुरुवारी संध्याकाळीच तुला कळलं होतं, तेही सांग."

ओरेस्टने बहिणीकडे पाहिलं. तिने स्वतःसाठी कॉफी ओतून घेतली.

मग त्याने परत सांगितलं, सगळं, इतक्या मोठ्याने की पलीकडे खिळे मोजणाऱ्या बाईनेही मान वळवली.