इंजिन चालू, बल्ब बंद

मी एक जनरेटर बोलतोय. पेट्रोलवर चालतो, उचलायला दोन माणसं लागतात. आवाज मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्याजवळ उभं राहून हळू बोललेलं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

जळगावात पिंप्राळ्याला मोतीलाल आबांचं झेरॉक्सचं दुकान होतं. भारनियमनाच्या दिवसांत त्यांनी मला आणलं. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली की दुकानासमोर रांग लागायची आणि मी ओट्यावर धडधडत असायचो. लोक कानांवर हात ठेवायचे, पण रांग सोडायचे नाहीत.

पुढं वीज टिकायला लागली. आबांनी इन्व्हर्टर घेतला. माझ्यावर आधी पोतं आलं, मग जुन्या फायली. दुकान बंद केलं तेव्हा आबांनी मला टेम्पोत घालून मुलीकडे, चोपड्याजवळच्या रत्नाच्या सासरी पाठवलं. जावई लोटननं मला गोठ्यामागच्या खोलीत सरकवलं. तिथं सात वर्षं गेली. टाकीतलं पेट्रोल कुणी काढलं नाही. ते उडून गेलं आणि खाली डिंकासारखा थर उरला. एका पावसाळ्यात माझ्या टाकीखाली उंदराची पिल्लं झाली. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. त्यांना ऊब हवी होती, मी थंडगार होतो, तरी ती राहिली.

गेल्या उन्हाळ्यात रत्नानं अंडी उबवायचं यंत्र आणलं. पहिल्याच खेपेला गल्लीतल्या अकरा घरांनी तिला गावठी कोंबड्यांची अंडी दिली. दोनशे चाळीस. प्रत्येक अंड्यावर तिनं पेन्सिलीनं घराची खूण केली होती. निम्मी पिल्लं ज्याची त्याला, निम्मी तिला, असं ठरलेलं. शेजारच्या भिकुबाई अक्कांनी तर उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखालची अंडी काढून दिली होती.

अंडी यंत्रात ठेवल्याच्या अठराव्या दिवशी दुपारी वादळ आलं. केळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे सहा खांब पडले. चार दिवस तरी वीज येणार नाही, असा निरोप आला. रत्नानं यंत्रावर गोधड्या घातल्या, बाटल्यांत गरम पाणी भरून आत ठेवलं, रात्रभर बदलत राहिली. सकाळी तिला माझी आठवण झाली.

लोटननं टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, ताजं पेट्रोल टाकलं. अकराव्या ओढीला मी सुरू झालो. अंगणात सगळे हसले. मलाही वाटलं, झालं काम.

लोटननं बल्ब जोडला. बल्ब लागला नाही. दुसरा लावला, तोही तसाच.

"मशीन चालस, पन करंट येस नही," लोटन म्हणाला. "भंगारमा दी टाक हाई."

"आनी बठ्ठा अंडा?" रत्नानं सगळ्याच अंड्यांबद्दल विचारलं. "अकरा घरले मी काय सांगू?"

लोटननं मोटारसायकल काढली आणि पडलेल्या झाडांमधून वाट काढत चोपड्याहून नासीरचाचांना घेऊन आला. चाचांनी चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून पुन्हा बांधल्या होत्या. आता हात कापायचे म्हणून दुकान मुलाला दिलं होतं.

त्यांनी मला एकदा चालवून पाहिलं, मग बंद करायला लावलं. मागचं झाकण काढलं. आतले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या कड्यांना टेकून वीज पोचवणारे छोटे ठोकळे, गंजानं अडकले होते. रत्नाकडून ते मोकळे करून घेतले, तांब्याच्या कड्या बारीक पॉलिश पेपरनं पुसून घेतल्या. पुन्हा चालवलं. बल्ब तसाच.

"जळलेला नाही हा," चाचा म्हणाले. "वीज सुरू व्हायला याच्या लोखंडात थोडं चुंबक उरलेलं असावं लागतं. पडून पडून ते गेलंय. बाहेरून द्यावं लागेल."

मोटारसायकलची बॅटरी काढली. चाचांनी मला पुन्हा बंद करवलं, ब्रशच्या तारा सोडवल्या. लाल तार कुठं, काळी कुठं, हे दोनदा दाखवलं. मग आपले हात पुढं करून बघितले आणि मागं घेतले.

"तू लाव, बेटी. माझा हात हलला तर तार भलतीकडे लागेल."

रत्नानं तार टेकवली. ठिणगी उडाली, तिनं झटकन हात मागं घेतला. तारा जोडून चालवलं तर बल्ब काळाच.

"घाबरलीस. पाच मोजेपर्यंत सोडायची नाही."

दुसऱ्यांदा तिनं ओठ घट्ट मिटून मोजलं. त्या पाच आकड्यांत माझ्या आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. तारा जागेवर बसवल्या, लोटननं दोरी ओढली, आणि अंगणात भर उन्हात बल्ब पेटला. उजेड कुणाला दिसलासुद्धा नसता, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. रत्ना खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून रडली.

वीज येईपर्यंत मी चाललो. तेविसाव्या दिवसापर्यंत एकशे साठ पिल्लं बाहेर आली. उरलेली अंडी रत्नानं लपवली नाहीत. प्रत्येक घरी गेली, काय झालं ते सांगितलं आणि नुकसान आपल्या वाट्यातून धरलं. भिकुबाई अक्कांनी पिल्लं टोपलीत घेतली आणि म्हणाल्या, "पुढली खेपले सांगजो. कोंबडी परत बसनी शे."

आता मी ओसरीत असतो. रत्ना महिन्यातून एकदा मला पंधरा मिनिटं चालवते, बल्ब लावून. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी पोत्याखाली असेल, तर एवढंच करा. टाकी रिकामी ठेवा, अधूनमधून चालवा, आणि नुसत्या आवाजावर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी मी जोरात धडधडत होतो, आणि माझ्या आत काही नाही हे मला बल्ब बघून कळलं.