पेरणीयंत्रातली बाळंतीण

उजाडता उजाडता पैलवानानं बैलांना पाणी दाखवलं, गोठ्याशेजारच्या छपरात येऊन पेरणीयंत्राच्या पेटीवरचं पोतं उचललं आणि दुसऱ्याच क्षणी हात झटकत मागं सरकला. मनगटावर चार लाल रेघा उठल्या होत्या.

पेटीत लवंगी होती. तिच्या पोटाशी ओल्या चिंधीसारखी चार पिल्लं लुचत होती.

"अगं," पैलवानानं घराकडं तोंड करून हाक मारली, "ही बया व्याली इथं."

पैलवान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी तो एकदाच कुस्तीला उतरला होता आणि उतरल्या उतरल्या त्याची पाठ टेकली होती. तेवढ्यावर गावानं नाव ठेवलं ते कायमचं. आणि लवंगी ही त्याच्या बायकोची मांजर. गेल्या थंडीत आपणहून आली, चुलीपाशी बसली आणि आठ दिवसांत घर आपल्या ताब्यात घेतलं. गल्लीतली कुत्री तिला वाट देत. टपालवाला पत्र उंबऱ्याबाहेरूनच फेकी. बायकोच्या मांडीवर ती लोण्याचा गोळा होऊन पडे. पैलवानाला मात्र घरात कामाला ठेवलेला गडी समजे, आणि तोही कामचुकार.

बायको पदराला हात पुसत आली. पेटीत वाकून बघितलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"चार आहेत," ती म्हणाली. "एक तर अगदी तुमच्यासारखं. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात मागं."

"ते राहू दे. हिला काढ बाहेर. मला पेरायला जायचंय."

"नाही काढायची."

"नाही म्हणजे?"

"बाळंतीण आहे ती. आज हलवली तर पिल्लं टाकून देईल. दोन-तीन दिवस जाऊ द्या."

पैलवानानं अंगणातली मूठभर माती उचलून बायकोपुढं धरली. दाबली तर गोळा झाला, बोट लावलं तर फुटला. आठवडाभर पडून गेलेल्या पावसानं रान असं नेमकं वाफशावर आलं होतं. आज ऊन पडणार, उद्या वारा सुटणार, आणि परवा त्याच मातीची ढेकळं पायाला टोचणार. गहू आजच पडायला हवा होता. गावातलं दुसरं यंत्र ओढ्यापलीकडच्या शिवारात गेलेलं, चार दिवस तरी मिळायचं नव्हतं.

"रान थांबतं का मांजरीसाठी?" तो म्हणाला.

"आणि मांजर थांबते का रानासाठी?" ती म्हणाली आणि दूध तापवायला आत गेली.

एवढ्यात कुंपणापलीकडून वकील आला. हा शेजारी कोर्टाची पायरीसुद्धा कधी चढला नव्हता, पण सल्ला देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"सोपं आहे," वकील म्हणाला. "तू मांजर उचल, मी पोतं धरतो. पिल्लांसकट टोपलीत. काम फत्ते."

"मी पोतं धरतो, तू मांजर उचल."

"मांजर कुणाची?"

पैलवान कामाला लागला. त्यानं दोन्ही हातांना पोत्याचे तुकडे गुंडाळले, डोक्याला टॉवेल बांधला, फक्त डोळे उघडे ठेवले. बैल त्याला बघून दोन पावलं मागं सरले. तो पेटीत वाकला. पुढं काय झालं ते दोघांनाही नीट सांगता आलं नाही. पेटीतून काहीतरी राखाडी उसळलं, पैलवानाच्या डोक्यावर पाय देऊन वकिलाच्या सदऱ्यात शिरलं आणि पाठीकडून बाहेर पडलं. वकील शेणाच्या ढिगातून थेट आपल्या दारापर्यंत पळाला. लवंगी पुन्हा पेटीत जाऊन बसली आणि पिल्लं चाटायला लागली.

बायको दुधाची वाटी घेऊन उभी होती. हसू आवरायला तिनं ओठ दाताखाली धरला होता.

"तुझं ऐकते ना ती?" पैलवान टॉवेल सोडत म्हणाला. "मग तूच उचल. माझं सोड, वर्षभराच्या दाण्याचा प्रश्न आहे."

तिनं वाटी पेटीत ठेवली. लवंगीनं तिच्या हाताला डोकं घासलं.

"थोरली झाली तेव्हाची गोष्ट," बायको त्याच्याकडं न बघता म्हणाली. "तिसऱ्या दिवशी तुमच्या आईनं मला उठवून भांड्यांना बसवलं. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

पैलवानानं सोडलेला टॉवेल खांद्यावर टाकला. "रानात," तो म्हणाला.

"हो. तेव्हाही वाफसाच होता."

थोरलीला आता स्वतःची दोन पोरं होती. इतक्या वर्षांत बायको हे एकदाही बोलली नव्हती. पैलवानानं हातांचे पोत्याचे तुकडे सोडले, आणि कुणीही न सांगता पेटीवरचं पोतं पेटीच्या उघड्या बाजूला वाऱ्याच्या आडोशासाठी बांधलं. लवंगी गुरगुरली, पण त्यानं हात मागं घेतला नाही.

मग तो छपराच्या कोपऱ्यात गेला आणि जुना लाकडी नांगर ओढून काढला.

"हातानं पेरू," तो म्हणाला. "मी नांगराचे तास पाडतो, तू मागून बी सोड. येशील?"

"कंबर मोडेल दोघांची."

"मोडू दे. पण एक सांग, आईला तेव्हा मी काही बोललो असतो तर?"

"तुम्ही? आईला?" ती टोपलीत गहू भरत म्हणाली. "तुम्हाला मांजर उचलता येत नाही."

दिवसभर दोघं रानात होती. बैलांना जुन्या नांगराची सवय राहिली नव्हती, त्यामुळं नांगराचे पहिले चार तास सापासारखे वाकडे पडले. मागून बायको ओरडायची, "सरळ धरा." पुढून पैलवान म्हणायचा, "दाट पडतंय, बोटं आवळ." दुपारी बांधावर दोघं एकाच तांब्यातून पाणी प्याली. वकील अंगाला तेल चोळत बांधापर्यंत आला आणि तास वाकडे असल्याचं सांगू लागला; बायकोनं त्याच्या हातात टोपली दिली, तेव्हा त्याला एकदम घरचं काम आठवलं. ऊन कलायच्या आत शेवटचा तास बुजला. पैलवानानं टाचेनं माती दाबून बघितली. ओल होती.

घरी आली तेव्हा दोघांनाही नीट उभं राहता येत नव्हतं. पैलवान आधी छपरात गेला.

पेटी रिकामी होती. दूध संपलेलं, आडोशाचं पोतं जिथल्या तिथं, आणि आत एक केससुद्धा नाही.

तो तसाच वाकलेला घरात आला. त्याच्या बिछान्यावर, उशीला टेकून तीन पिल्लं झोपली होती. लवंगी चौथं, ते मोठं, तोंडात धरून खिडकीतून आत उतरत होती.

"हलवायची नाही म्हणालीस ना?" पैलवानानं बायकोला विचारलं. "सकाळीच हलली असती तर?"

"आपण हलवायची नाही म्हणाले," बायको म्हणाली. "तिला कुठं म्हणाले?"

पैलवानाच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. भिंतीला पाठ लावून तो खाली बसला आणि पाय पसरले. लवंगीनं बिछान्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, सरळ येऊन मोठं पिल्लू त्याच्या मांडीवर टाकलं आणि चुलीकडं निघून गेली. पिल्लानं आंधळेपणानं त्याचा अंगठा चाचपला आणि चोखायला लागलं.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "ताट वाढलंय. या."

"उठता येत नाही," पैलवान हळूच म्हणाला.

"कंबर धरली का?"

"नाही," तो आणखी हळू म्हणाला. "ताट इकडंच आण. आणि पाय वाजवू नको."