सतराव्या पोर्टची ओळ

मी एक जुना स्विच आहे. भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. मी चोवीस पोर्टांचा, लोखंडी अंगाचा, काराताशच्या रुग्णालयाच्या तळघरात अकरा वर्षं राबलेला नेटवर्कचा स्विच आहे. रुग्णालयातल्या प्रत्येक कॉम्प्युटरची आणि टेबलावरच्या प्रत्येक फोनची तार माझ्यात येत असे. कुणाचं बोलणं कुणापर्यंत जाऊ द्यायचं, हे मी ठरवत असे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. माणसांशी माझी मैत्री आता उरलेली नाही. ती का उरली नाही, तेवढंच सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा होतो. मला चोवीस पोर्ट होते आणि अक्कल शून्य. ट्रकमधून दोन घाट ओलांडून मी काराताशला आलो. तिथे मला पेटीतून काढलं ते सादिरबेकने. तो रुग्णालयाचा तारवाला, फोनवाला, कॉम्प्युटरवाला, सगळं एकच माणूस. त्याने एक स्टूल ओढलं, शेजारी चहाचा थर्मास ठेवला, एक निळी केबल माझ्या अंगात खुपसली आणि लिहायला बसला. पूर्ण दोन दिवस तो एकेक ओळ बोटांनी टाईप करत होता. हा पोर्ट प्रयोगशाळेचा, हा औषधांच्या खिडकीचा, याला आत घे, त्याला दारातच अडव. मला जे काही येतं ते त्या दोन दिवसांत त्याने शिकवलं. शेवटी त्याने एक पासवर्ड घातला. तो त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

पुढची वर्षं मानाची गेली. कुठे काही अडलं की बोलावणं सादिरबेकला. तो यायचा, माझ्यात दोन ओळी घालायचा, आणि वर फोन खणखणायला लागायचे. नर्सबाया त्याला गरम बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, आणून द्यायच्या. संचालक नासिरदिनसुद्धा तळघराच्या दाराशी उभा राहून वाट बघायचा. “लिहून ठेव रे कुठेतरी,” एकदा तो म्हणाला. सादिरबेकने कपाळावर बोट टेकवलं. “इथे आहे सगळं, साहेब. हा कागद फाटत नाही.” त्याला हे मिरवणं आवडायचं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं. आपल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही, हे कुणाला आवडत नाही?

सतराव्या पोर्टची ओळ त्याच काळातली. डोंगरातल्या गावांच्या दवाखान्यांना हृदयाचा आलेख काढणारी यंत्रं मिळाली होती. गावातली परिचारिका रोग्याच्या छातीला तारा लावणार आणि ते चित्र काराताशच्या डॉक्टरांच्या पडद्यावर उमटणार. माझा सतरावा पोर्ट बाहेरच्यांना बंद होता. सादिरबेकने अंगात कोट तसाच ठेवून, उभ्याउभ्या एक ओळ टाकली आणि त्या चित्रांना तेवढी वाट मोकळी केली. मग तो जेवायला गेला. त्या ओळीबद्दल त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

गेल्या शरदात माझ्यासारखी, नेटवर्क जोडणारी चाळीस नवी यंत्रं आली, चाळीस गावांच्या दवाखान्यांसाठी. सादिरबेकने हिशेब केला: एकेकाला दोन दिवस, शिवाय घाट बर्फाने बंद होणार, म्हणजे पुढचा उन्हाळा. नासिरदिनने हे ऐकून घेतलं आणि जिपाराला बोलावून घेतलं.

जिपारा याच गावची. सहा वर्षं राजधानीत, बिश्केकमध्ये, नेटवर्कचंच काम करून परतलेली. चौतीस वर्षांची, तुटक बोलणारी, आणि तोंडावर खरं बोलून माणूस दुखावण्यात पटाईत. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि पहिलं वाक्य बोलली, “हे अजून चालतंय?”

मी तिला कधी माफ केलं नाही.

तिने एकाही नव्या यंत्राला हात लावला नाही. तिने तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरवर एक यादी लिहिली: कोणत्या क्रमांकाचं यंत्र, कोणतं गाव, त्याचे नियम कोणते. सोबत सगळ्यांना लागू पडेल असा एक नमुना केला. मग पेट्या गाडीत घालून गावोगाव पाठवल्या. तिकडे कुणीही पेटी उघडायची, तार जोडायची, वीज द्यायची. यंत्र डोळे उघडताच विचारायचं, मी कोण? सर्व्हर त्याचा क्रमांक यादीत शोधून सांगायचा, तू अमक्या गावचा, हे तुझे नियम. चार मिनिटांत यंत्र कामाला. कोक-जार गावात तर परिचारिका कानिशायनेच एका हाताने पोर सांभाळत पेटी उघडली. चाळीस गावं नऊ दिवसांत झाली.

सादिरबेक नऊही दिवस तळघरात बसून होता.

“काय गं बिश्केकवाली,” दहाव्या दिवशी तो म्हणाला, “मी अठ्ठावीस वर्षं जे केलं, ते तू एका फायलीत कोंबलंस म्हणे?”

“तुमचं नाही कोंबलं, बायके. तुमचं कुठे लिहिलेलंच नाही, तर कोंबू काय?” थोरल्या पुरुषाला आमच्याकडे बायके, म्हणजे दादा, म्हणतात.

त्याने थर्मासचं झाकण इतकं आवळलं की पुढे ते उघडेना.

सर्व्हरवर ही यादी चालवणाऱ्या प्रोग्रामला आणखी एक काम होतं. दर अर्ध्या तासाने तो प्रत्येक यंत्राकडे फेरी मारायचा. यादीप्रमाणे सगळं जागच्या जागी आहे का बघायचा आणि जे यादीत नाही ते पुसून टाकायचा. सादिरबेकने त्याचं नाव सासू ठेवलं. दोन दिवसांत सगळं रुग्णालय त्याला सासूच म्हणू लागलं.

मला त्या यादीत घेतलं तेव्हा जिपाराला पासवर्ड लागला. नासिरदिनने नोकरीवरून काढायची धमकी दिली तेव्हा कुठे सादिरबेकने तो एका चिठोऱ्यावर लिहिला, आणि चिठोरा तिच्या हातात न देता जमिनीवर टाकला. तिने तो वाकून उचलला. त्या दिवसापासून दोघं एका खोलीत बसून एकमेकांना उद्देशून भिंतीशी बोलत.

सुरुवातीला सासूला फक्त बघायची परवानगी होती, पुसायची नव्हती. तिला माझ्यात एकतीस ओळी अशा सापडल्या ज्या यादीत नव्हत्या. जिपाराने त्या कागदावर छापल्या आणि सादिरबेकच्या पुढ्यात ठेवल्या.

“यातल्या कोणत्या लागतात, तेवढं सांगा.”

“सासूला विचार की. तिला सगळं कळतं.”

“बायके, गुरुवारी मंत्रालयाची माणसं येणार आहेत. बुधवारी मला हे चालू करावंच लागेल.”

“कर ना. मी कुठे तुझा हात धरलाय?”

“म्हणजे या ओळी कचरा समजू?”

त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला. “समज,” म्हणाला.

मी तिथेच होतो, मित्रांनो. सतराव्या पोर्टची ओळ माझ्या पोटात होती. ती त्या कागदावर वरून बाराव्या जागी छापलेली होती. त्याने कागदावर नजर टाकली होती, आणि त्याला ती ओळ दिसली होती. तिलाही एकेक ओळ स्वतः तपासता आली असती. त्या कामाला दोन दिवस लागले असते, आणि तिला तर त्याला धडा शिकवायची घाई होती. मला तोंड नाही. असतं तर दोघांनाही काय बोललो असतो, ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

बुधवारी सकाळी साडेदहाला सासूने एकतीस ओळी पुसल्या. माझा सतराव्या पोर्टचा दिवा पिवळा झाला. काही ओरडाआरडा नाही, काही धूर नाही. अशी कामं अगदी शांतपणे होतात.

दहा मिनिटांनी कोक-जारच्या दवाखान्यात तोल्योगोन नावाच्या घोडेपाळाला आणलं. बावन्न वर्षांचा गडी, छातीवर मूठ दाबून धरलेली, अंग घामाने भिजलेलं. घाट बंद होता. कानिशायने त्याच्या छातीला तारा लावल्या आणि चित्र पाठवलं. ते माझ्यापर्यंत आलं, आणि मी ते अडवलं. मला तसंच सांगितलेलं होतं. ती चित्र पुन:पुन्हा पाठवत राहिली आणि मी पुन:पुन्हा अडवत राहिलो.

मग तिने फोन केला. तोही माझ्यातूनच गेला, म्हणून मी सगळं ऐकलं. काराताशच्या डॉक्टर गुलसूनना परिचारिका एजे, म्हणजे ताई, म्हणत.

“डॉक्टर एजे, चित्र पोचलं?”

“नाही गं,” डॉक्टर गुलसून म्हणाल्या. “पुन्हा पाठव.”

“सहादा पाठवलं! माणूस काळानिळा पडतोय.”

“कागद आहे ना हातात? मग वाचून दाखव. दुसऱ्या ओळीत रेघ उंच जाऊन खाली येते, की वरच राहते?”

“वरच राहते. खोगिरासारखी.”

“किती छोटे चौकोन वर? नीट मोज.”

“तीन... चार. नाही, तीन. एजे, तो विव्हळतोय.”

“विव्हळू दे. तू डोळा कागदावरून हलवू नको. तिसरी ओळ सांग.”

रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन कानिशायच्या कपाटात होतं. पण निदान चुकलं तर तेच इंजेक्शन माणसाच्या डोक्यात रक्तस्राव करू शकतं. न बघता ते द्यायला डॉक्टर धजेनात. तिकडे एक बाई चौकोन मोजत होती, इकडे दुसरी ते कागदावर काढत होती, आणि मध्ये मी होतो.

जिपारा धावत तळघरात आली. एकतीस ओळींचा कागद हातात, ओठ पांढरे. कोणती ओळ ते तिला कळेना, आणि सगळ्या डोळे झाकून परत टाकायचं धाडस होईना. कुणीतरी वर सादिरबेकला बोलवायला गेलं होतं. तो आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने स्टूल ओढलं, निळी केबल लावली, एक ओळ टाईप केली. दिवा हिरवा झाला. चित्र सुटलं. वर डॉक्टर गुलसून फोनमध्ये ओरडल्या, “दे! आत्ताच्या आत्ता दे!”

सादिरबेक मागे रेलला. “बघितलंस? शेवटी माणूसच लागतो.”

“कॅन्टीनच्या बाईने सांगितलं मला,” जिपारा म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “निरोप पोचला तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. आणि तुम्ही तो चहा संपवलात, बायके. पूर्ण संपवलात.”

“तू मला म्हातारा ठरवलंस, कचरा ठरवलंस...”

“कचरा तुम्ही म्हणालात! मी विचारलं होतं!”

“विचारलं होतंस? तू मला तारीख सांगितलीस!”

दोघं इतकी भांडली की घड्याळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. साडेअकराला सासू पुन्हा आली. तिला यादीत नसलेली एक ओळ दिसली. तिने ती पुसली. इंजेक्शननंतरचं दुसरं चित्र कोक-जारहून निघालं होतं, ते माझ्या दारात आपटलं.

दिवा पिवळा झालेला बघून सादिरबेकने माझ्या पुढच्या पत्र्यावर मूठ मारली. पत्रा आत गेला आणि त्याच्या बोटांतून रक्त आलं. अकरा वर्षं ज्याने मला पुसलं, जपलं, त्याने. मी काय केलं होतं? जे सांगितलं ते पाळलं. पुसायला सांगितलं तेव्हाही, अडवायला सांगितलं तेव्हाही.

जिपाराने आधी सासूला थांबवलं. ते तिने तासापूर्वीच करायला हवं होतं आणि ते तिला माहीत होतं. मग तिने यादी उघडली.

“लिही,” सादिरबेक म्हणाला.

“सांगा.”

तोल्योगोन जगला. पण जवळजवळ अर्धा तास उशीर झाला होता. तेवढ्यात त्याच्या हृदयाचा एक तुकडा मेला. आता तो अंगणापर्यंत चालतो आणि बसतो. घोड्यावर बसायला त्याला मनाई आहे. त्याची घोडी त्याच्या भावाने नेली.

तुम्हाला वाटेल, यानंतर दोघांचं जुळलं असेल. नाही जुळलं. सादिरबेक अकरा दिवस रोज सकाळी आला, तिच्याकडे पाठ करून बसला आणि एकेक ओळ सांगत गेला: ही कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, काढली तर काय बिघडेल. ती प्रत्येक ओळीपुढे ते लिहीत गेली. सतराव्या पोर्टच्या ओळीपुढे त्याने सांगितलेले शब्द असे: “डोंगरातल्या रोग्यांचं हृदय इथून जातं. काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.” पण नऊ ओळींपाशी तो अडला.

“ही कशासाठी?” तिने विचारलं.

त्याने कागदावर बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. “आठवत नाही गं,” म्हणाला. त्या अकरा दिवसांत तो एवढं एकच वाक्य हळू आवाजात बोलला. न फाटणारा तो कागद कधीचाच फाटला होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

बाराव्या दिवशी तो आला नाही. पुढेही आला नाही. जिपाराने त्याच्याबद्दल कुणाकडे विचारणा केली नाही; त्या नऊ ओळींबद्दल मात्र ती हिवाळाभर सगळ्यांना विचारत फिरली आणि त्यांची कारणं यादीत लिहीत गेली.

मार्चमध्ये माझ्या जागी नवा स्विच आला. जिपाराने तो फडताळात बसवला, तारा जोडल्या आणि हात धुवायला गेली. ती परत येईपर्यंत त्याला माझं सगळं येत होतं. त्याच्याजवळ कुणी स्टूल ओढून बसलं नाही. तो उद्या जळाला तर परवा दुसरा येईल आणि चार मिनिटांत शहाणा होईल. मला त्याचा राग येतो. पण त्याच्यात अशी एकही ओळ नाही जी का आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ही गोष्ट मी नाकारू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. प्रेमाने नाही, रागानेच मागतो. तुम्हाला जे ठाऊक आहे आणि दुसऱ्या कुणालाच नाही, त्याची मिजास करू नका. ते लिहून ठेवा, कुणाला तरी सांगा. जो सांगत नाही, तो स्वतःला मोठा करत नसतो, दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य कमी करत असतो. आणि जे तुम्हाला कळत नाही, ते कचरा आहे असं समजून झाडू मारू नका. म्हातारं माणूस तिरसट असेल, उलट उत्तर देईल. तरी दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. यंत्राची काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. आमचं काय, आमच्या जागी दुसरं येतं.

आज मला भंगारात द्यायचं आहे. त्याआधी माझी स्मृती पुसावी लागते. जिपारा भांडारात आली आहे, तिने हुकूम टाईप केला आहे आणि मी पडद्यावर उलट विचारलं आहे: नक्की पुसायचं?

तिचं बोट कळीवर आहे. तिने ते उचललं. शेजारी यादी उघडली आणि माझ्या ओळींशी पहिल्यापासून एकेक ओळ ताडून बघायला घेतली. कुणी तिला घाई केलेली नाही.

वाच, बाई. सावकाश वाच.