दाणा वळखणारी सून

काशीचा सासरा गोजर वारला तो ऐन वैशाखात, लढाईच्या तिसऱ्या साली. शेवटची सहा वर्षं त्याला दिसत नव्हतं. पण खर्डीच्या आसपास भाताचं बी पारखावं तर त्यानंच. दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचा, हा हळवा, लवकर पिकणारा. हा गरवा, उशिराचा.

त्याच्या खालोखाल नाव काशीचं. दर साली बी बांधताना तो तिच्या तळहातावर चार दाणे ठेवायचा. "डोळं मीट. सांग गो, कंचा?" काशी दाणे चावल्यासारखं करायची आणि म्हाताऱ्याचा हात कुठल्या राशीतून आला ते हळूच बघून घ्यायची. कधी चुकली नाही. "माझी सून दाणा वळखते," म्हातारा शहापूरच्या बाजारापर्यंत मिरवायचा. आंधळ्याला फसवायला काय अक्कल लागते? पण तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि माहेरी तिचं कुणी कधी कौतुक केलं नव्हतं.

बियाण्याचे पेंढ्यात आवळलेले दोन मुडे आढ्याला टांगलेले असायचे, उजवीकडे गरवा, डावीकडे हळवा. बाराव्याला घर सारवायला आलेल्या बायकांनी दोन्ही उतरवून कोपऱ्यात ढकलले. आता रोहिण्या लागल्या, रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले, आणि कुठला मुडा कुठला ते कुणालाच सांगता येईना.

"तुला काय अवघड? चाव नि सांग," तिचा नवरा चंदर म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

काशी दोन्ही मुड्यांपुढे बसली. हळवा ओढ्याकाठच्या खाचरात गेला तर भर पावसात पिकून कुजणार. गरवा वरच्या खाचरात गेला तर पाणी आटून पोचट राहणार. लढाईच्या महागाईत दुसरं बी मुरबाडलाही मिळत नव्हतं. वर्षाचं खाणंच गेलं म्हणायचं.

तिने दोन्ही मुडे सोडले. इकडचे दाणे चावले, तिकडचे चावले. भात तो भातच. "मामा, मी लबाड हाय वो," ती गेलेल्या सासऱ्याला म्हणाली आणि तिला रडू फुटलं. रडत रडत हात आत गेला तो ढेकळाला लागला.

गोजरच्या बियाण्यात ढेकूळ! खडा सापडला तर घर डोक्यावर घेणारा माणूस तो. ढेकूळ काळं होतं, ओढ्याकाठचं. तिने दुसऱ्या मुड्यात हात घातला. तिथलं तांबडं, वरच्या खाचरातलं.

मग तिला आठवलं. चैत्रात भर उन्हात म्हातारा काठी टेकत एकटाच शेताकडे गेला होता. परतला तेव्हा कमरेच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं. "दिसत नाय तर कशाला जाता कडमडायला?" ती त्याच्यावर खेकसली होती. "काम होतं गो," म्हणून तो हसला, आणि त्याच संध्याकाळी त्याने मुडे उतरवून पुन्हा बांधले होते.

आंधळ्याला मातीच्या रंगाशी काय करायचं होतं? खूण डोळसासाठी होती, चोरून बघणाऱ्या सुनेसाठी. सहा वर्षं त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी बाजारभर तिचं नाव सांगत फिरला.

"झालं का गो?" चंदर दारात आला. "आनि रडतेस कशाला?"

"ह्यो ओढ्याकाठी, ह्यो वर," तिने मुडे दाखवले. "मला दाणा वळखता येत नाय. कवाच येत नव्हता. मामाला ठावं होतं."

चंदर आत आला. तिच्याजवळ खाली बसला.

काळ्या ढेकळाच्या मुड्यातून काशीने चार दाणे घेतले, डोळे घट्ट मिटले आणि सावकाश चावू लागली. या वेळी तिने बघितलं नाही.