हिरवी अक्षरं

उद्यानाच्या फाटकावरच्या फलकाचे दोन भाग होते. लाल अक्षरांत माणसांनी स्वतःला कसं जपायचं आणि हिरव्या अक्षरांत तिथल्या प्राण्यांना कसं जपायचं. मी लाल भाग दोनदा वाचला. निसरडे खडक, जेलीफिश, डास, ऊन. मग भिंगरीला सावलीत उभं केलं आणि कपाळापासून बोटांच्या टोकांपर्यंत क्रीम चोपडलं.

"पोरीला रंग देतेस की काय?" सासूबाई म्हणाल्या. "भिंत आहे का ती?"

"आई, तुम्हीपण लावून घ्या ना."

"राहू दे. माझं कातडं कधीच रापून बसलंय."

नवरा आयत्या वेळी कामात अडकला होता. त्यामुळे सहा वर्षांची मुलगी, गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि समुद्र या तिघांवर लक्ष ठेवायला मी एकटीच होते.

भिंगरीला फक्त तारामासा हवा होता. शाळेत त्याचं चित्र पाहिल्यापासून ती घरातल्या प्रत्येक वस्तूला हात लावून विचारायची, "तो असा लागत असेल?" उशी झाली, पायपुसणं झालं, बाबांची दाढी झाली. आज तिला खरं उत्तर मिळणार होतं.

वाट आधी जंगलातून जात होती. पानांत कुठे खसफस झाली की मी तिचं मनगट पकडायचे. प्रत्येक वेळी माकडच निघायचं. "त्यांनाही धडकी भरली असेल तुझी," सासूबाई म्हणाल्या.

झाडं संपली तसा समोर ओहोटीचा समुद्र लागला. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलं होतं. उद्यानाची मार्गदर्शक मुलगी एका डबक्याशी उकिडवी बसली. तळाशी, भिंगरीच्या तळव्याएवढा, नारिंगी तारामासा होता.

"एकेकाने या. दोन बोटं, हळू, पाण्यातच. उचलायचं नाही," ती म्हणाली. "आणि हाताला क्रीम किंवा डासांचं औषध लावलं असेल तर पाण्यात हात घालू नका. एवढ्याशा डबक्यात ते लगेच उतरतं, आणि यांना पळायला जागा नसते."

भिंगरीचं लक्षच नव्हतं. ती बाह्या वर करत होती. मला मात्र फाटकाशी चोपडलेलं क्रीम आठवलं. मुरलं असेल एव्हाना, मी मनात म्हटलं. दोन बोटांनी असं कितीसं उतरणार? कुणी विचारतही नव्हतं. तिचा हात पाण्याकडे निघाला. पाण्याच्या किंचित वर तिची बोटं उन्हात तुकतुकीत चमकली.

"थांब," मी तो हात धरला. "हिला लावलंय. मीच लावलंय. चांगलं थापलंय."

भिंगरीने आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी फ्रॉकला पुसते ना!"

"पुसून जात नाही गं," मार्गदर्शक हळू आवाजात म्हणाली. "साबण फाटकापाशी आहे. तिथून येईपर्यंत भरती चढेल."

भिंगरी रडली असती तर बरं झालं असतं. तिने वर केलेल्या बाह्या एकेक करून खाली ओढल्या. माझे हातही तेच क्रीम लावून बरबटलेले होते.

मागून सासूबाईंचा सुस्कारा ऐकू आला. घरात पाल दिसली तर खुर्चीवर चढणाऱ्या सासूबाई. "सरक गं," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर भार दिला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि डोळे घट्ट मिटून दोन बोटं पाण्यात घातली.

"आजी, कसा लागतो?"

"अगं, थांब तरी!" मग त्यांनी एक डोळा उघडला. "खरखरीत आहे."

"पायपुसण्यासारखा?"

"छे. पायपुसणं मऊ असतं त्याच्यापुढे."

"बाबांच्या दाढीसारखा?"

सासूबाईंनी विचार केला. दुसरा डोळाही उघडला. "रविवारच्या. दोन दिवस न केलेल्या. पण गार." मग एकदम, "अय्या, सरकला गं! माझ्याकडेच आला मेला!" त्यांनी बोटं काढली नाहीत.

भिंगरी त्यांच्या पाठीवर ओणवी होऊन हसत सुटली. आजीचा हात वर आला तसा तिने तो दोन्ही हातांत धरला आणि ओली बोटं स्वतःच्या गालावर घासली. पिशवीतला रुमाल मला आठवला. मी तो काढला नाही.

परतताना फाटकाशी भिंगरी थांबली. "आई, हिरवं वाच."

मी वाचलं. क्रीमचं वाक्य पहिलंच होतं.

"पुढच्या वेळी मी आजीसारखी येणार. काही न लावता."

"पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा," मी म्हटलं. "टोपी. आणि पायमोजे."

"वर हातमोजेपण घाल," सासूबाई म्हणाल्या.

"हात उघडे," मी म्हटलं. "हात उघडे ठेवू."